रकाना चौथा

नान्नजच्या माळावर, गणनेच्या दिवशी,
वनरक्षकानं हातात एक कागद दिला.
नर. मादी. पिल्लू. आणि चौथा रकाना, वर्तन.
त्यात लिहायचं: चरतंय, बसलंय, पळतंय.
यापलीकडं हरणाला काही करायची मुभा नव्हती.

मी सोलापुरात पूर्वभागातला लूमवाला.
बारा लूम एकदम खडखडत असताना
कुठल्यावरचा धागा आता तुटणार
ते पाठमोरा सांगतो.
इथं आवाजच नव्हता.
मोज्यांत कुसळं, दुर्बिणीला घाम,
आणि पुढं वाळल्या पवन्यात
अठरा माद्या, एक काळा नर.

जोडीला राजमल काळे. वय विचारलं तर म्हणाला,
"त्याला कुठं रकाना हाय तुमच्यात?"
त्याचा आजा याच माळावर फासे मांडायचा,
शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं
पावलात पाऊल टाकत कळपापाशी जायचा.
राजमलनं ते पाहिलं होतं
बैलाच्या पोटाखालून, सहा वर्षांचा असताना.
आता रोजंदारीवर हरणं मोजतो.

"सरळ चालू नगं. सरळ येतो तो लांडगा.
तिरकं चल, कायतरी हरवल्यागत.
अन् डोळ्यात बघू नगं, नजर टोचती त्यास्नी."
मग आम्ही तिरके चाललो,
दोघं बाप्ये, उन्हात, न हरवलेलं शोधत.

"ती कडंची बघ. चरती म्हणून लिवशील."
लिहून झालं होतं.
"दातात गवत हाय, पण जबडा थांबलाय.
थांबला म्हंजे ऐकती."
मी खोडलं.
"येक कान टिटवीकडं, येक आपल्याकडं.
दोन्ही आपल्याकडं वळलं की खाली बस."
वळले. बसलो. बुडाखाली खडे.
तिनं पुढचा खूर आपटला,
एकदा, थांबून पुन्हा एकदा.
"भ्याली न्हाई. इचारती, कोन हाय?
हाललास की उत्तर दिलंस."

तेवढ्यात नर निघाला,
नाक आभाळाला, शिंगं पाठीवर टाकलेली,
शेपूट वर वळलेलं, पाय मोजून मोजून.
मी म्हटलं, केवढा माज!
"माज कसला. मिनत्या करतोय.
अन् ती बोरीचा पाला खाती, बघ."
आम्ही हसलो. तोंड मिटून, खांदे हलवत.

एक मादी सगळीकडं पाहत होती.
तळ्याकडं, मनोऱ्याकडं, बार्शी रोडच्या धुरळ्याकडं.
फक्त डावीकडच्या तरवडाकडं
चुकूनसुद्धा मान वळत नव्हती.
राजमल हळूच म्हणाला,
"जिकडं बघत न्हाई, तिकडं पिल्लू."

दुपारी हिवराखाली भाकरी सोडली.
शेंगाचटणी, कांदा, बाटलीतलं कोमट पाणी.
त्याचा नातू पलीकडं बाभळीच्या सावलीत झोपलेला,
तोंडावर टॉवेल. आमच्याच कारखान्याचा असावा.
मार्डीच्या बाजूनं जीप आली.
खात्याची की पोलिसांची, एवढ्या लांबून कळेना.
हरणांनी मानसुद्धा वर केली नाही.
त्यांना जीप रोजची.

राजमलच्या दातांत भाकरी होती
आणि जबडा थांबलेला.
एक हात हवेत, कांद्यापाशी न पोचलेला.
त्यानं रस्ता पाहिला, तळं पाहिलं,
माझ्याकडं पाहिलं,
माझ्या छातीवरचा गणनेचा बिल्ला पाहिला.
बाभळीकडं तेवढं नाही.

मीही पाहिलं नाही.

जीप गेली. धुरळा बसायला वेळ लागला.
मग जबडा हलला,
आणि तो म्हणाला, "कांदा तिखट हाय."
मी म्हटलं, हो, फार.

संध्याकाळी कागद भरला.
नर एक. माद्या अठरा.
चौथ्या रकान्यात: चरतंय.
पिल्लू: शून्य.